ट्रेलरला घातलेली चेन

सुबोध टिपणीसला बर्फाबद्दल काही शिकवायला जायचं नाही, हे नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या मराठी मंडळींना नोव्हेंबरातच कळून चुकलं होतं. कारण नोव्हेंबरात त्याने मंडळाच्या मीटिंगला बेचाळीस स्लाइड दाखवल्या. विषय एकच. संक्रांतीच्या दिवशी बर्फ पडला तर एकशेदहा माणसांचं जेवण त्याच्या घरून हॉलवर कसं न्यायचं? हॉल अडीच किलोमीटरवर. तेवढ्यासाठी बेचाळीस स्लाइड!

आता सुबोध जवळच्या आइंडहोवनला कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. तिथे केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तरी बोंबाबोंब होते, आणि हे तो कुणी न विचारता सांगतो. त्यामुळे त्याने सगळं रीतसर केलं होतं. एक छोटा ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे ट्रेलर जोडायचा, टोप-पातेली ट्रेलरमध्ये, चौरंग आणि वाणाचं सामान ट्रकमध्ये. आणि बर्फासाठी चाकांना चेन. चेन शिडीसारखी घ्यावी की चौकटीची, कडी किती जाड हवी, टायरवरचे आकडे कसे वाचायचे, सगळं स्लाइडवर होतं. गाड्या भाड्याने देणाऱ्याच्या आवारात गुडघे टेकून त्याने ट्रेलरचं चाक स्वतः मोजून आणलं होतं.

"ट्रेलरचं का?" श्रीनिवासने विचारलं. हा श्रीनिवास मंडळाचा खजिनदार, बोलायला हळू आणि बँकेत प्रोग्रॅमिंग करणारा. "ओढतो तर ट्रक ना?"

"श्रीनिवास, तुम्ही सॉफ्टवेअरमधले," सुबोध समजुतीच्या सुरात म्हणाला. "बर्फावर ट्रेलर मागून घसरतो आणि ट्रकलाही आडवा करतो. वजन कुठे आहे? ट्रेलरमध्ये. मग पकड कुठे हवी?"

"नाही, मी म्हणत होतो, आम्ही चार-पाचजण आपापल्या गाड्यांतून दोन खेपांत नेऊ."

"तुम्ही पत्रावळी आणा."

सगळे हसले. श्रीनिवासही हसला, पण जरा उशिरा.

सुबोधची बायको मृदुला मात्र हसली नाही. मंडळाने पहिल्यांदाच अख्खं जेवण तिच्यावर सोपवलं होतं. "हे बघ सुबोध," ती घरी आल्यावर म्हणाली, "मला चेनमधलं काही कळत नाही. बारा वाजता जेवण हॉलवर पाहिजे. उशीर झाला तर लोक तुझ्या स्लाइडना नावं नाही ठेवणार, मला ठेवतील."

"बाराला पाच कमी," सुबोध म्हणाला.

आणि संक्रांतीच्या रविवारी खरंच बर्फ पडला. चांगला वीतभर. सुबोधने पडदा सारला आणि असा खूश झाला की जणू हवामान खात्याने त्याच्याच स्लाइड वाचल्या होत्या. मृदुलेने दोन दिवस उभं राहून अडीचशे गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. ती काळी चंद्रकळा नेसून, त्यावर जाडजूड जॅकेट आणि पायात बूट घालून ट्रकमध्ये बसली. मांडीवर तुपाचा डबा. सुबोधने तासभर खपून ट्रेलरच्या दोन्ही चाकांना चेन चढवली. एकदम फिट्ट बसली.

समोरचे शेजारी योपआजोबा कॉफीचा मग घेऊन दारात उभे होते. तीस वर्षं त्यांनी ट्रकमधून टोमॅटो ऑस्ट्रियाच्या डोंगरांत नेले होते. ते दोनदा पुढे आले आणि दोन्ही वेळा सुबोधने हात हलवून "सगळं ठीक आहे, थँक्यू" म्हणत त्यांना परत पाठवलं.

सव्वाअकराला ट्रक सुरू झाला. चाकं फिरली, घर्रर्र आवाज झाला, बर्फ उडाला. ट्रक होता तिथेच.

"चेन सैल असेल," सुबोध म्हणाला. उतरून त्याने ती घट्ट केली. परत तेच. मग त्याला वाटलं, मागे वजन कमी पडतंय.

"मृदुला, तू जरा ट्रेलरमध्ये उभी राहतेस?"

"मी?"

"पकड वाढेल."

"माझं वजनही टाकलंयस का रे तुझ्या शीटमध्ये?" पण बारा जवळ येत होते, म्हणून ती बिचारी चढली. भरजरी काळ्या साडीत, मसालेभाताच्या टोपाला धरून उभी. रस्त्यावरून कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईने थांबून तिला नमस्कार केला. बाईला वाटलं, मिरवणूक आहे.

ट्रक तसूभरही हलला नाही. तेवढ्यात श्रीनिवासचा फोन आला. सुबोधचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता.

"सुबोधराव, कुठवर आलात? पावणेबारा होतायत."

खरं सांगायला एक सेकंद पुरला असता. पण त्या सेकंदात सुबोधला 'तुम्ही सॉफ्टवेअरमधले' हे आपलंच वाक्य आठवलं, आणि तोंडातून निघालं, "रस्त्यात झाड पडलंय. मोठं आहे. आडवं."

"अरे बाप रे. येतो आम्ही," म्हणून श्रीनिवासने फोन ठेवला.

 सुबोध उतरला, तर योपआजोबा ट्रेलरपाशी वाकलेले.

"चेन चांगली आहे," ते म्हणाले. "पण ती ओढणाऱ्या चाकांना लावायची असते. तुम्ही ओझ्याला लावलीत."

सुबोधने ट्रकच्या मागच्या चाकांकडे पाहिलं. ज्यांना इंजिन फिरवतं ती चाकं उघडी बोडकी होती. त्याचे कान तापले. आठवीतल्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. त्याने घाईघाईने चेन काढून ट्रकच्या चाकाला लावून पाहिली. चार बोटं कमी पडली. मोजमाप ट्रेलरचं होतं, अगदी अचूक.

"आता चेन असती तरी अवघडच होतं," योपआजोबा म्हणाले. "चाकं फिरवून फिरवून तुम्ही खालच्या बर्फाचा आरसा करून ठेवलाय. आणि एक सांगू का, इथे रस्त्यावर चेन लावायला बंदी आहे."

हे बेचाळीसमधल्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

मृदुला ट्रेलरमधून सगळं ऐकत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दोन दिवस उभी होते रे मी." सुबोधला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात कोपऱ्यावरून श्रीनिवास आला. मागे जरीचे कुर्ते घातलेले सहाजण. दोघांकडे फावडी आणि श्रीनिवासच्या खांद्यावर ही लांबलचक करवत! सुबोधला वाटलं, त्यातलं एक फावडं घेऊन स्वतःलाच बर्फात गाडून घ्यावं.

"झाड कुठाय?" एकाने विचारलं.

सुबोधने तोंड उघडलं, पण श्रीनिवासच आधी बोलला. "काढलेलं दिसतंय कुणीतरी. इथले लोक कामाला वाघ. चला, टोप उचला."

गाड्या त्यांनी मोठ्या रस्त्यावर लावल्या होत्या, तिथे बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं. तिथवर सगळं हातांनी नेलं आणि दोन खेपांत जेवण हॉलवर पोचलं. बारा वाजून सदतीस मिनिटांनी पहिलं पान वाढलं. पोळ्यांचं इतकं कौतुक झालं की मृदुलेच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. मग अध्यक्ष मालिनीबाईंनी माइक घेतला. "रस्त्यात झाड पडलं असतानाही, आपल्या सुबोधरावांनी..." आणि टाळ्या.

सुबोधने हातातला पोळीचा तुकडा पानात ठेवला. पलीकडे तूप वाढणारी मृदुला थांबली आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ती नजर त्याला सोसवेना. तो उठला आणि त्याने माइक घेतला.

"झाड पडलं नव्हतं. मी चेन चुकीच्या चाकांना लावली होती. श्रीनिवास नोव्हेंबरात सांगत होते, मी त्यांची टर उडवली. सॉरी."

 सुबोध मान खाली घालून पानावर येऊन बसला, आणि मृदुलेने न विचारता त्याच्या पोळीवर तूप वाढलं. चमचाभर. शेजारी श्रीनिवास शांतपणे जेवत होता.

"तुम्हाला उगाच करवत घेऊन पळवलं," सुबोध पुटपुटला.

"मला ठाऊक होतं की."

"काय?"

"फोनवर मागे तुमचं इंजिन किंचाळत होतं. समोर झाड आडवं असताना एवढी रेस कोण देतं?"

"मग करवत कशाला आणलीत?"

"चाकं नुसतीच फिरतायत असं सांगितलं असतं तर सगळे हसले असते. तुम्ही झाड म्हणालात, म्हटलं झाड तर झाड." श्रीनिवासने पोळीचा तुकडा मोडला. "हॉलच्या शेजारच्याकडून मागून आणली होती हो ती करवत. एवढी खांद्यावरून वागवली, आणि तुम्ही माइकवर जाऊन सगळं सांगून मोकळे."