प्रतिबंधित बोअर

लग्न होऊन मी ठाण्याला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या बापू टिपणिसांनी माझ्या चकलीच्या सोऱ्याचा बोअर मोजला.

खोटं नाही सांगत. माहेरून आलेली पितळेची भांडी ओसरीत मांडून मी चिंचेनं घासत होते. काळा कोट, काळी टोपी, बगलेत छत्री असा एक काटकुळा गृहस्थ कचेरीतून परत येताना माझ्यापुढे थांबला. सोऱ्या उचलला, एक डोळा मिटून त्याच्यातून आभाळाकडे पाहिलं आणि खिशातून लाकडी पट्टी काढली. “दोन इंचाला किंचित कमी,” तो गंभीरपणे म्हणाला. “सूनबाई, एवढ्या बोअरची तोफ होते. परवाना आहे?” मी नवी नवरी. घाबरून म्हटलं, “सासूबाईंना विचारून सांगते.” आत सासूबाई हसून हसून खाली बसल्या होत्या.

तर हे बापू. कलेक्टर कचेरीत हत्यारांच्या परवान्यांच्या टेबलावर हेडक्लार्क. जिल्ह्यात कुणालाही बंदूक बाळगायची तर तिला आधी बापूंच्या पट्टीखालून जावं लागे. मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुका आणत, वाड्याकडचे जमीनदार मिशांना पीळ देत रिव्हॉल्व्हर आणत. बापू सगळ्यांना एकच प्रश्न विचारत. “बोअर काय?” बोअर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, एवढं मलाही वर्षभरात पाठ झालं. त्या माणसाला जगात दुसरं काही दिसतच नसे. नळाला पाणी कमी आलं की “बोअर बारीक आहे.” कुणाची मुलगी पाहून आले की “नाक बरं आहे, बोअर जरा मोठा.” आमचे हे रात्री घोरायचे, तर सकाळी भिंतीपलीकडून विचारणा व्हायची, “इंदू, काल प्रतिबंधित बोअर चालला होता का गं?”

आणि गंमत अशी, की ह्या हत्यारांच्या राजानं जन्मात एकदाही बार उडवला नव्हता. दिवाळीत कानात कापसाचे बोळे घालून आतल्या खोलीत बसायचे. लवंगी फुटली तरी हातातला चहा बशीत हिंदकळायचा.

“प्रतिबंधित” हा त्यांचा लाडका शब्द. रिव्हॉल्व्हर पॉइंट तीन-दोन इंच बोअरचं असलं तर कलेक्टर परवाना देऊ शकत. पण पॉइंट चार-पाच-पाच म्हणजे लष्करी बोअर. “लष्कराची गोळी ज्याच्यात बसते ते हत्यार रयतेच्या घरात नको. का? तर उद्या कोठारातली गोळी चोरून तुम्ही ती वापराल,” असं ते मला भाजी निवडताना समजावून सांगत. मी म्हणे, “बापू, मी मेथी वापरते.” तरी त्यांचं चालूच.

गृहस्थ लाचखाऊ नव्हता. आंब्याची करंडी आली की त्याच पावली परत. पण कडक. एकदा एका जमीनदाराची विधवा नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर घरी राहू द्या म्हणून रडत आली होती. बापूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, “बाई, परवाना माणसाचा असतो. माणूस गेला की परवाना गेला.” रिव्हॉल्व्हर जमा झालं. आमच्या चरई आळीत लोक त्यांना पाठीमागे धोंडा म्हणत. मीसुद्धा म्हणे.

माई, त्यांची बायको, अगदी उलट. घरात वालाचं बिरडं झालं की पहिली वाटी आमच्याकडे. बोलायला बसल्या की त्यांच्या मधूवर येत. मधू त्यांचा एकुलता एक मुलगा, आमच्या ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. महायुद्धाच्या शेवटी शेवटी लेफ्टनंट होऊन ब्रह्मदेशात गेला आणि तिकडेच संपला. ना प्रेत आलं, ना राख. तार आली तेवढी. मी त्याला कधी पाहिलं नाही, फोटोतच पाहिलं, बापाचंच काटकुळं अंग आणि आईचं हसू. माई त्याचं नाव काढायला लागल्या की बापू उठून उगाच पाण्याच्या पिंपात डोकावून यायचे. एवढी वर्षं शेजारी राहिले, पण बापूंच्या तोंडून “मधू” म्हणून मी ऐकलं नव्हतं. मला वाटे, ह्या माणसाला काळीज देताना देव पट्टी लावायला विसरला.

एका रविवारी साताऱ्याकडचे एक कॅप्टन जाधव पत्ता शोधत आले. मधूच्या पलटणीतले. चहा झाला, मग त्यांनी पिशवीतून एक गाठोडं काढून माईंच्या पुढ्यात ठेवलं. माईंनीच विणलेला मफलर, आणि त्याच्यात रिव्हॉल्व्हर. हे एवढं जाडजूड धूड. मी दोन पावलं मागे सरले. मधूनं एका गोऱ्या साहेबाकडून ते स्वतःच्या पैशानं घेतलं होतं म्हणे. “तो गेला तेव्हा माझ्याकडे राहिलं, काकू. आणायचा धीर होत नव्हता,” जाधव म्हणाले. “मूठ बघा. मूळची काळी मूठ फुटली होती. पावसात अडकून पडलो तेव्हा पठ्ठ्यानं सागवानाचा तुकडा मिळवला आणि चाकूनं स्वतः तासून ही बसवली. आम्ही हसायचो. म्हणायचा, घरी गेल्यावर आईला पोळपाट करून देणार आहे.”

माईंनी दोन्ही हातांनी ते उचललं, मुठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. “इथं त्याचा अंगठा यायचा बघ, इंदू,” म्हणाल्या. त्या लाकडाला खरंच तिथं खळगा पडला होता.

बापू इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. पुढे आले, वाकले, नळीच्या तोंडात पाहिलं. पट्टी काढली नाही. काढायची गरजच नव्हती.

“चार-पाच-पाच,” म्हणाले. “प्रतिबंधित.”

मला तर तिथल्या तिथे त्यांची टोपी उडवावीशी वाटली! जाधव बिचारे हात जोडून म्हणाले, “काका, गोळ्या नाहीत ह्याच्यात. माळ्यावर टाकून द्या. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट चढवून ते गाठोडं घेऊन कचेरीत गेले आणि मुलाचं हत्यार स्वतःच्या हातानं मालखान्यात जमा करून आले. मफलर तेवढा परत आणला. माईंनी जाताना त्यांना अडवलं नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणाल्या, “मला त्याची गोळी नको, नळी नको. त्याच्या हाताची वस्तू घरात हवी होती.” आणि त्या दिवसापासून त्या बापूंशी बोलायच्या बंद झाल्या.

बंद म्हणजे बंद. जेवायला वाढायच्या, धोतर धुवायच्या, पण बोलणं माझ्यामार्फत. “इंदू, त्यांना विचार भात हवा का.” बापू हातभर अंतरावर ताटावर बसलेले. मी विचारायची, “बापू, भात हवा का?” “अर्धी मूद घालायला सांग.” “माई, अर्धी मूद.” पहिले काही दिवस मला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

एकदा मीच त्यांच्यावर तडकले. “एवढं माळ्यावर ठेवलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं, बापू? धोंडा म्हणतात तुम्हाला लोक, ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “इंदू, मी किती जणींच्या घरातून हत्यारं काढून आणवली. त्याही रडल्या होत्या. आता माझ्या घरात ठेवलं तर त्यांचं रडणं कमी प्रतीचं होतं असं होईल.” हे ऐकून मी आणखीनच चिडले.

पण धोंडा स्वस्थ बसला नव्हता. नियमाला अपवाद असतोच, तो शोधून काढीन आणि राजरोस घरी आणीन, असा त्यांनी पण केला. मुंबई सरकारला अर्ज, मग दिल्लीला अर्ज. दरम्यान पेन्शनीत निघाले, पण काळा कोट काही उतरला नाही. रोज सकाळी टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभे. आणि महिन्यातून एकदा माझ्या दारात येऊन खाली मान घालून म्हणायचे, “शिवणयंत्राचं तेल जरा देतेस?” टिपणिसांच्या घरात शिवणयंत्रच नव्हतं! मी विचारलं तर म्हणाले, “दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात.” असेल बाई, म्हणून मी बाटलीत ओतून द्यायची. माझी मेलीची अक्कल पुढे चाललीच नाही.

एक दिवस आमचे हे काही कामानं कचेरीत गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला सांगितलं. मालखान्याच्या जाळीतून त्यांनी बापूंना पाहिलं होतं. साफसफाईची रीतसर परवानगी काढून बापू बाकावर बसले होते, मांडीवर फडकं, फडक्यात ते रिव्हॉल्व्हर. खाडीची हवा, लोखंड लगेच गंजतं. चिंधीला तेल लावून नळी, घोडा, चक्र, सगळं हळूहळू पुसत होते, ताप आलेल्या पोराचं अंग पुसावं तसं. मात्र मुठीला बोट लावत नव्हते. जमादारानं विचारलं, साहेब, मूठ राहिली. तर म्हणाले, “तिला तेल लावायचं नाही. तिच्यावर घाम आहे.”

ते ऐकून माईंना सांगायला मी उठले, तर ह्यांनी हात धरला. म्हणाले, “बापूंनी सांगितलं नाहीये. आपण कोण?”

अखेर दिल्लीचं उत्तर आलं. नाही म्हणून. वर असंही, की अशी जमा हत्यारं मोडून वितळवायला लष्कराकडे पाठवावीत. बापूंनी ते मला वाचून दाखवलं, घडी घातली, खिशात ठेवलं. म्हणाले, “माईला सांग, अपवाद नाही सापडला.” मी आत जाऊन सांगितलं. माई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हत्यारं रवाना व्हायच्या दिवशी बापू माझ्याकडे आले. ह्या वेळी तेल नाही मागितलं. “तुझ्या यंत्राचा बारीक पेचकस दे,” म्हणाले, “आणि तुझ्या नवऱ्याला माझ्याबरोबर पाठव. माझे हात कापतात.” पुढचं सगळं मी ह्यांच्याकडून ऐकलेलं.

मालखान्यातला जमादार बापूंच्या हाताखाली वाढलेला. त्यानं पेटी उघडली आणि हळूच म्हणाला, “साहेब, पिशवीत टाका. मी तिकडे तोंड करतो. गंजून मोडलं असं लिहीन.” हे सांगतात, बापूंचा हात पुढे गेला होता. खरंच गेला होता. मग त्यांनी तो मागे घेतला, टोपी सारखी केली आणि तडक साहेबाच्या खोलीत शिरले. साहेब नवा, कोवळा, मधू गेला तेव्हा होता तेवढ्याच वयाचा.

“साहेब,” बापू म्हणाले, “नियमात हत्यार म्हणजे काय ते मी उभा जन्म वाचलंय. नळी आहे, घोडा आहे, चाप आहे, चक्र आहे. मुठीच्या लाकडाचं नाव कुठेही नाही. लाकडात गोळी बसत नाही. लाकडाला बोअर नाही. ते मला काढून घेऊ द्यावं.”

साहेबानं नियम मागवले, वाचले. मग विचारलं, “लाकूड घेऊन काय करणार?”

“माझ्या मुलाच्या आईला द्यायचंय,” बापू म्हणाले.

साहेब उठून स्वतः त्यांच्याबरोबर मालखान्यात आला. स्क्रू ह्यांनी काढला. मुठीचे दोन भाग सुटे झाले, एक डावा, एक उजवा. खाली राहिलं ते नुसतं लोखंड. बापूंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी मी माईंच्या स्वयंपाकघरात दिवा लावत होते, तेव्हा बापू आणि आमचे हे आले. बापूंनी रुमाल सोडून ती दोन लाकडं माईंपुढे पाटावर ठेवली. सवयीनं माझ्याकडे पाहिलं, मी सांगावं म्हणून. मी कसली सांगते! दिव्याची वात सारखी करत राहिले.

माईंनी ती लाकडं उचलली. खळग्यावरून अंगठा फिरवला, गालाला लावली. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सरळ नवऱ्याकडे पाहून विचारलं, “तुम्ही हातात धरून पाहिलीत का कधी?”

बापूंनी नाही म्हणून मान हलवली. “जमा केलेलं हत्यार मुठीनं धरायचं नसतं,” म्हणाले.

माईंनी त्यांचा उजवा हात ओढून घेतला, ज्या लाकडावर अंगठ्याचा खळगा होता ते तळव्यावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. “हे तुमच्याकडे असू दे,” म्हणाल्या. “मला दुसरं पुरे.”

बापू त्या बंद मुठीकडे पाहत राहिले. अंगठा हळूहळू सरकत खळग्यात जाऊन बसला. नेमका बसला. बाप-लेकाचा हात एकाच मापाचा होता. मग तो माणूस, टोपी-कोटासकट, चुलीपुढे खाली बसला आणि “मधू, मधू रे” म्हणून ओक्साबोक्शी रडू लागला.