हॅटीचं कोपर

सॉफ्टबॉलच्या हंगामातल्या पहिल्याच सरावात माझ्या आठ वर्षांच्या मुलीने, हॅटीने, चेंडूला असा दणका दिला की तो कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या एका गाडीच्या टपावर जाऊन आदळला. या गंभीर प्रकाराची दखल घेण्यासाठी दुसऱ्याच दिवशी आमच्या संघाच्या पालक समितीची तातडीची बैठक बोलावण्यात आली.

गैरसमज नको. टपाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार कोपराबद्दल होती.

"बॅट फिरवताना पोरीचं कोपर खाली होतं," सचिव ग्लेन हॉफस्टेटर म्हणाले. ग्लेन विम्याच्या कचेरीत आहेत. आयोवातल्या आमच्या या टीचभर गावात एखादं पोर शिंकलं तरी त्याचा फॉर्म त्यांच्याकडे छापून तयार असतो. "आज चेंडू लागला, मान्य. पण चुकीच्या पद्धतीने लागला. उद्या सगळ्याच पोरी असं मारायला लागल्या तर?"

बाप रे! नुसत्या कल्पनेने सभेच्या अंगावर काटा आला.

"अहो, लागतोय ना चेंडू? मग मारू द्या की तिला!" कोच मर्ना म्हणाल्या. मर्नाबाईंनी या गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरींना खेळवलंय. इतिवृत्तात 'कोचच्या भावना नोंदवण्यात आल्या' असं लिहून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

मीही समितीत होतो, कारण माझ्याकडे बादली होती. आमच्याकडे पोरीला खेळ शिकवणारा बाप बादलीवरून ओळखतात. चेंडूंची पांढरी बादली, झाकणावर मऊ गादी, त्यावर बूड टेकायचं, चेंडू टाकायचा आणि उपदेश करायचा. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आम्ही बादलीवरून. आमच्या संघात पोरी अकरा आणि बादल्या चौदा. सावत्र बाप धरून.

बॅट फिरवण्याच्या क्रियेचे रीतसर अकरा टप्पे पाडण्यात आले. पाऊल, गुडघा, कंबर, खांदा, हनुवटी असे. प्रत्येक टप्प्याला एक उपसमिती. कोपरावरून मात्र फूट पडली. निम्म्या बापांचं म्हणणं कोपर वर हवं, निम्म्यांचं म्हणणं खाली. दोघे तर हमरीतुमरीवर आले. शेवटी ठराव झाला, की कोपर सुरुवातीला वर, शेवटी खाली आणि मधल्या काळात पालकांच्या सदसद्विवेकबुद्धीनुसार ठेवावं.

चौथ्या आठवड्यात पाहणीत असं आढळलं, की पोरी चेंडूकडे बघतात आणि कंबर विसरतात. सरावातून चेंडू काढून टाकण्यात आला. पाचव्या आठवड्यात बॅटच्या वजनाने खांदे पडतात असं निदर्शनास आलं. बॅटही गेली. मग काय विचारता! अकरा पोरी ओळीत उभ्या राहून रिकाम्या हातांनी हवा मारू लागल्या. एका पोरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "काय शिस्त आहे हो! आमच्या वेळी असं काही नव्हतं."

सामन्यात मात्र नियमपुस्तकाच्या आडमुठेपणामुळे बॅट आणि चेंडू दोन्ही वापरावे लागत. हॅटी पहिल्या टप्प्यापासून मोजायला लागायची आणि ती गुडघ्यापर्यंत पोहोचेस्तोवर चेंडू निघून गेलेला असायचा. नऊ सामने झाले, एकदाही तिची बॅट चेंडूला लागली नाही. बाकावर बसलेल्या पोरी खेळणारीच्या नावाने गाणी म्हणतात, त्यात पूर्वी हिचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. आता ती बोटांवर टप्पे मोजत बसायची.

"डॅडी," शेवटच्या सामन्याच्या सकाळी मैदानावर ती म्हणाली, "मला एकदाच मारायचाय. खऱ्या मॅचमध्ये. मारायचा आणि मैदानातल्या सगळ्या बेसवरून पळत परत मारल्या जागी यायचं. एकदाच रे."

"हो गं राणी, पण आधी कंबर—"

"कंबर आहे मला."

खोटं कशाला सांगू? मनात आलं, म्हणावं, जा बाई, घाल गोंधळ. पण समोर तेरा बादल्या बसल्या होत्या, आणि चौदावीवर मी.

सामन्यात ग्लेननी प्रत्येक पालकाला एकेक अवयव नेमून दिला. ज्याने त्याने आपल्या फोनमध्ये तेवढाच टिपायचा. पंचांकडे पावलं दिली. माझ्याकडे आलं उजवं कोपर. हॅटी खेळायला उभी राहिली आणि बादल्यांवरून एकच गलका झाला, "गुडघा!" "हनुवटी!" "कोपर वर!" "खाली!" पोरीचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन... पहिला चेंडू गेला. दुसरा गेला.

आमच्याकडे या वयाच्या पोरींना चेंडू त्यांचाच कोच टाकतो. मर्नाबाई थांबल्या. चार पावलं पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हॅटी, त्या येड्यांकडे बघू नकोस. माझ्या हाताकडे बघ. आणि हाण."

ठक्कन आवाज झाला.

माझ्या फोनमध्ये कोपर स्वच्छ आलं. साडेतीन अंश खाली.

पुढे थोडा तांत्रिक पेच निर्माण झाला. बॅट चेंडूला लागली का, हे ठरवायला चौदा फोन तपासले. गुडघे मिळाले, खांदे मिळाले, एक अप्रतिम हनुवटी मिळाली. चेंडू कुणाकडेच नव्हता. समोरच्या संघाचे पालक आपापल्या पोरीचे ग्लोव्ह टिपत होते. मर्नाबाईंनी पाहिलं होतं, पण कोच हितसंबंधी म्हणून त्यांची साक्ष बाद. पोरी अल्पवयीन. "फटका अनिर्णित," ग्लेननी लिहिलं आणि मला फॉर्म दिला.

तोवर हॅटी सगळ्या बेसवरून पळून आली होती. गुडघे मातीने माखलेले, धाप लागलेली, आणि असं हसू मी उभ्या हंगामात पाहिलं नव्हतं.

"डॅडी! पाहिलास?"

मी तिच्यापुढे फोन धरला. "हे बघ, इथे जरासं कोपर—"

तिने फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "चेंडू, डॅडी. चेंडू पाहिलास का?"

मी पुन्हा फोनमध्ये पाहिलं. पोर वळली आणि मर्नाबाईंकडे निघून गेली. हसू मावळलं होतं.

काय बाप आहे, असं म्हणताय ना? म्हणा, खुशाल म्हणा. पण मघापासून तुम्ही हे सगळं वाचताय. कोपर किती अंश खाली होतं ते तुम्हाला कुणीही विचारा, चटकन सांगाल. चेंडू कुठे गेला, हे तुम्ही तरी विचारलंत का?