शिंप्याचा पहिला ड्रायसूट

सुटाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! अख्खं आयुष्य गेलं माझं सूट शिवण्यात. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत मी नजरेनंच त्याच्या कंबरेचं माप घेतलेलं असतं. म्हणून बायको जेव्हा म्हणाली, "अहो, यंदा थंडीत तळ्यात उतरायचं तर ड्रायसूट घ्यावा लागेल," तेव्हा मी मिशीतल्या मिशीत हसलो. "सूटच ना? ते माझ्यावर सोड!"

पाण्याखाली बुड्या मारायचा नाद आम्हाला उतारवयात लागला. म्हणजे लागला बायकोला. मी आपला सुईमागच्या दोऱ्यासारखा. आमच्या तळ्याच्या तळाशी एक जुना दगडी पूल आहे. कडाक्याच्या थंडीत पाणी नितळ झालं, की तेवढाच काळ तो नीट दिसतो. बायकोला तो बघायचा होता, आणि माझ्याबरोबरच बघायचा होता. पण साध्या रबरी सुटात पाणी शिरतं. गेल्या खेपेला माझे दात असे वाजले, की आसपासचे मासे पळाले! ड्रायसुटात पाणी शिरतच नाही. आत उबदार कपडे घालायचे, वर हा सूट, मानेला नि मनगटांना घट्ट रबर, आणि छातीवरून तिरकी जाणारी जाडजूड चेन.

पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंनी एक सूट माझ्या अंगावर चढवला. मी आरशात पाहिलं आणि शिसारीच आली.

"बाई, ही पाठ बघा! पोत्यासारखी लोंबतेय. गुडघ्यात तर भोपळे मावतील!"

"हात वर करा. आता उकिडवे बसा," बाई शांतपणे म्हणाल्या. "जमलं? मग हाच तुमचा."

"सूट बसण्यासाठी नसतो बाई, अंगावर बसण्यासाठी असतो!"

हे वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा म्हटलं. मग नुसत्या पातळ सदऱ्यावर, पहिल्याहून लहान मापाचा सूट घालून बघितला. अहाहा! एक चुणी नाही!

"अहो, आत जाड कपडे घालायचेत ना?" बायकोनं विचारलं.

"कापड जागा करून घेतं," मी म्हणालो. बाईंनी आणखी एकदा समजावलं आणि मग निमूटपणे सूट बांधून दिला.

तळ्याच्या काठावर मी आत जाड लोकरी पोशाख घातला. बायकोनं मला त्या सुटात असं कोंबलं, जसं फुगलेल्या उशीवर आखूड अभ्रा चढवावा. श्वास सोडला तेव्हा कुठे चेन लागली. आणि लागली ती लागलीच! डोक्यावर घट्ट रबरी टोपी, हात दोन्ही बाजूंना ताठ, शेतातल्या बुजगावण्यासारखे. पायात पोहायचे रबरी पंखे चढवायला वाकलो, तर वाकलोच नाही.

"काढ! चेन काढ!"

"निघत नाहीये. आतली लोकर अडकलीय," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "कात्री आणू?"

"नव्या कोऱ्या सुटाला कात्री? माझ्या जिवंतपणी?"

शेवटी दुकानात परत जायचं ठरलं. पण गाडीत बसणार कसा? बसण्याचीच तर बोंब होती! बायकोनं मागची सीट पाडली आणि मला सतरंजीच्या गुंडाळीसारखं आत सरकवलं. पाय मावेनात, म्हणून मागचं दार अर्धवट उघडं ठेवून दोरीनं बांधलं. रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला माझे काळे बूट तेवढे दिसत होते.

पेट्रोल पंपावर व्हायचं तेच झालं. कुणीतरी कळवलं आणि एक हवालदार हजर!

"बाई, मागे काय आहे?"

"नवरा," बायको म्हणाली.

"जिवंत?"

"अहो, म्हणजे काय! मघापासून बडबडतोय. टोपी तोंडावर सरकलीय ना, म्हणून तुम्हाला ऐकू येत नसेल."

हवालदारानं बिचकत बिचकत माझी रबरी टोपी वर केली. मी लालबुंद तोंडानं "नमस्कार" म्हणालो. तो बघतच राहिला.

"तुम्ही? कोपऱ्यावरचे शिंपी ना? माझा लग्नाचा सूट तुम्हीच शिवलात!"

त्या अवस्थेतही माझ्यातला कारागीर गप्प बसेना. "कसा झाला होता?"

"झकास दिसत होता! फक्त बसता येत नव्हतं. जेवणसुद्धा उभ्यानंच उरकलं. फोटोत बघा, सगळे खुर्चीवर, आणि नवरदेव मागे खांबासारखा उभा!"

बायको पंपाला टेकून इतकी हसली, की पेट्रोल भरणाऱ्यानं तिला पाणी आणून दिलं.

दुकानात बाईंनी चेनीला मेण चोळलं, लोकरीचा एकेक धागा सोडवला आणि मला बाहेर काढलं. नुसता तो पहिला पोत्यासारखा सूट पुढे केला. मी घातला. उकिडवा बसलो. उठलो. पुन्हा बसलो. कशी मोकळी हवा होती आत!

पुढच्या रविवारी आम्ही उतरलो. हिरवट काळोख, कानात फक्त स्वतःचा श्वास. माझ्या काळजानं ठाव सोडला होता. आणि मग समोर पूल! अखंड, शांत, दगडाला दगड धरून उभा. बायकोनं माझा हात पकडला आणि कमानीखालून घेऊन गेली. इतकी वर्षं कापडावर वाकण्यात घालवली, असं काही बघेन असं वाटलं नव्हतं.

वर आलो, सूट उतरवला, तर आतला लोकरी पोशाख ओलाचिंब!

"अगं बाई, सूट गळतोय की काय?" बायको म्हणाली.

"गळतोय," मी लगेच म्हणालो. "खांद्याच्या शिवणीत खोट आहे."

तिनं ती शिवण उलटसुलट करून पाहिली. कोरडी ठणठणीत! मी दुसरीकडे बघत राहिलो.

तळ्याचा एक थेंबही आत आला नव्हता हो. तो सगळा घाम होता, भीतीनं फुटलेला! पण सुटाला काय, थोडंच बोलता येतंय?