गाभण सभासदांचे अभिनंदन

"आता कंप्युटर माणूस बघून बोलणार!" काष्टीजवळच्या दूध संस्थेत गोरक्षनं छाती फुगवून सांगितलं आणि चेअरमन श्रीमंतरावांनी लगेच चहा मागवला. नगरला कोर्स केलेलं पोरगं, ऐकायला काय जातंय!

बेत असा: सगळ्यांना एकसारखी पावती देणं बंद. कोण काय करतंय, कोणाची स्थिती काय, ते बघून कंप्युटर पावतीखाली आपुलकीची एक ओळ छापणार. आधी एकाच गावात चाचणी. संस्थेला दूध घालणं थांबवलेल्यांपैकी निम्म्यांना ओळ, निम्म्यांना नुसती पावती. मग कोण परत येतं ते बघायचं. गाव निवडलं ते मात्र अश्विनीचं! रविवारी तिथंच गोरक्षचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. होणाऱ्या सासूबाईंना जावयाची हुशारी आधीच कळलेली बरी, नाही का?

कळली की! शुक्रवारी अश्विनीची आई झुंबरबाई गावातल्या दूध केंद्रावर पेंड न्यायला आली. तिला वाचता येत नाही, म्हणून सेक्रेटरीनं पावती भर रांगेत खड्या आवाजात वाचली.

"झुंबरबाई, आपण गाभण आहात. हार्दिक अभिनंदन!"

गाभण होती म्हैस. पण गोरक्षच्या प्रोग्रॅममध्ये म्हैस नव्हतीच, नुसते सभासद होते. म्हशीची स्थिती बिचाऱ्या सभासदाच्या नावावर चढली.

तासाभरात जीप भरून गाव संस्थेच्या दारात!

"माजं मालक तीन म्हैनं झालं ऊसतोडीची टोळी घिऊन कारखान्यावर हायती!" झुंबरबाई कडाडली. "त्येन्ला काय सांगू? डेरीनं अभिनंदन केलंय म्हनून?"

गोरक्षला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मावशी, चुकलं! आत्ता बदलतो!" म्हणत त्यानं 'गाभण' खोडलं आणि घाईघाईत पुढचा शब्द टाकला. प्रिंटर कर्रकर्र करत चालला. श्रीमंतरावांनी कागद फाडून मोठ्यानं वाचला.

"झुंबरबाई, आपण भाकड आहात. तरीही संस्था आपल्या पाठीशी आहे."

गोरक्षला मान वर करवेना.

"गोरक्षा, चाचणी पास झाली रे तुझी!" श्रीमंतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ज्यांना ओळ गेली, ते झाडून सगळे परत आलेत. पायताणं हातात घेऊन!"

"मावशी... रविवारचं..." गोरक्ष कसाबसा पुटपुटला.

झुंबरबाईनं पदर खोचला. "या की रविवारी. आदी म्हस दावू. तिला वळखलंस, तर मंग पोरगी भाईर काडू!"