नानांचा तालीमखाना

माणसं भेटली की नमस्कार करतात. नानांचा रिवाज वेगळा होता. ते समोरच्यापुढे उकिडवे बसत, त्याच्या नडगीवर अंगठा दाबत आणि उचलून खळगा पडतो का ते बघत. खळगा पडला की चेहरा खुले. "वा! चांगली सूज आहे," म्हणत. एका लग्नात त्यांनी चक्क वरपित्याचे पाय धरले. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा वाकून मान देतोय. तो आशीर्वाद देऊन मोकळा झाला.

नाना मुंबईला एका इस्पितळात कंपाउंडर होते. सन तीसच्या आगेमागे पेन्शन घेऊन थळला परत आले. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि थोरली विधवा बहीण अक्का, अशी दोनच माणसं. मी गावच्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक खुळाचा पहिला प्रसाद मला मिळे.

आमच्या तळ्याच्या कडेला, पाणथळीत काटेरी तालीमखाना माजतो. जांभळी फुलं छान दिसतात, पण हात घालायची सोय नाही. त्याच्या काढ्याने लघवी सुटते आणि सूज उतरते, असं जुने वैद्य सांगत आले. नानांनाही ते खरं वाटे. पण नुसतं वाटणं त्यांना चालत नसे. कोणी म्हणालं, "नाना, आमच्या आजीला गुण आला होता," की नाना विचारत, "काढ्याशिवाय आला नसता, हे कोणी पाहिलं?" आजी कधीच्या गेलेल्या. उत्तर देणार कोण?

मग त्यांनी प्रयोग मांडला. गावातल्या सुजलेल्यांपैकी अर्ध्यांना तालीमखान्याचा काढा आणि अर्ध्यांना करपवलेल्या तांदळाचं पाणी. दोन्हींचा रंग सारखा, दोन्हींत ओवा म्हणून वासही सारखा. एका बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. कोणत्या दोऱ्याच्या बाटलीत काय आहे, हे नानांनाही कळता कामा नये.

"मला कळलं, मास्तर, तर माझा अंगठा खोटं बोलायला लागेल."

म्हणून काढा उकळायचा आमच्या चुलीवर आणि बाटल्या भरायच्या मी. "शेजारी वाटीभर आमटी देतात. आम्ही हे काय भलतंच मांडलंय!" असं आमचं कुटुंब रोज ऐकवी. नाना तर आमच्या स्वयंपाकघराकडे तोंडसुद्धा करत नसत.

पाय अक्कांचेही सुजत. चिठ्ठी काढली, तर त्यांना पांढरा दोरा आला, म्हणजे तांदळाचं पाणी. हे फक्त मला ठाऊक. त्यांच्या हातात बाटली देताना माझ्या जिवावर येई.

"नाना, अक्कांना कशाला चिठ्ठी?" मी एकदा धीर करून म्हटलं.

नाना उखडले. "आमच्या घराला वेगळा नियम? मग गावाने माझं का ऐकावं?"

थोड्या दिवसांनी लाल दोऱ्याच्या हिरा कोळणीचे पाय उतरू लागले. नाना खूश. पण पाठोपाठ पांढऱ्या दोऱ्याच्या इब्राहिमचाचांचेही उतरले. नाना चक्रावले. दोघांना ओटीवर बोलावलं, तेव्हा हिरानेच सांगून टाकलं.

"माजे पाय उतरले, चाचाचे न्हाय उतरले. मंग मी एकलीच पिऊ व्हय? रोज अर्धी त्याचे बाटलीत वतते."

"अगं बाई, माझा सगळा प्रयोग बुडवलास!"

"म्हावरा जास्ती गावला तरी आमी शेजारी देतो. ह्ये तर औषध हाय!"

चाचा ओशाळून म्हणाले, "शेजारीण मोहब्बतने देते, नाना. मी नको कसा म्हणू?"

नाना डोकं धरून बसले. मग म्हणाले, "या दोघांना मोजणीतून काढा, मास्तर. एकादोघांवरून मी काहीच धरणार नाही." त्या दिवसापासून प्रत्येकाने नानांसमोर, त्यांच्याच ओटीवर प्यायचं असं ठरलं. अक्काही रांगेत बसून निमूटपणे तांदळाचं पाणी पिऊ लागल्या. मला ते बघवेना.

एके दिवशी दिवेलागणीला नाना आमच्या दारात आले. तोंड भिंतीकडे.

"मास्तर, अक्काचा खळगा आज भरूनच येईना. तिला दोन्ही दोऱ्यांच्या बाटल्या द्या."

"दोन कशाला? मी हवी तीच देतो की."

"नको. मग मला कळेल, आणि बाकीच्यांच्या मोजणीची माती होईल. दोन्ही द्या. तिलाही मोजणीतून काढा." त्यांनी भिंतीला कपाळ टेकलं. "आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो हो. हिनेच वाढवलं. हे सगळं तिचे पाय बघूनच मांडलं होतं मी. उद्या तीच राहिली नाही, तर काढा खरा का खोटा हे कळून मी काय करू?"

गावाला हसवणारा हा माणूस मला तेव्हा पहिल्यांदा कळला. मी आत जाऊन दोन बाटल्या आणल्या. नानांनी दोन्ही हातांत एकेक घट्ट धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात मोकळे नव्हते आणि बाटली क्षणभर खाली ठेवायलाही ते तयार नव्हते. शेवटी त्यांच्या उपरण्याचं टोक घेऊन मीच त्यांचे डोळे पुसले. ते लहान मुलासारखे मान वर करून उभे राहिले.