बीमने वेळेआधी तक्रार करू नये, याबाबत

या जगात प्रत्येक वस्तू कधी ना कधी मोडतेच. मोडण्यापूर्वी ती कुणाच्या डोक्याला ताप देते का, एवढाच काय तो प्रश्न. आमच्या इमारत खात्याने हे सत्य फार पूर्वीच ओळखले होते, आणि तडा-निवारण समितीचा लेखनिक या नात्याने ते कागदावर उतरवण्याचे भाग्य मला लाभले.

झाले असे. आमच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीबाईंनी (खरे नाव हजेरीपटात आहे, पण ते कुणी वापरत नाही) दोन बीम ओतले. सिमेंट, वाळू, खडी, सगळे सारखे. फक्त दुसऱ्याच्या काँक्रीटमध्ये त्यांनी पोलादी तंतू मिसळले, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे, दोन्ही टोकांना वाकवलेले तारेचे तुकडे. मग समितीसमोर दोन्ही बीम यंत्राखाली घालून दाबले.

साधा बीम चौदा टनांपर्यंत हूं की चूं न करता राहिला. पंधराव्या टनाला धाडकन त्याचे दोन तुकडे झाले. समितीचे अध्यक्ष असलेल्या आमच्या साहेबांच्या हातातला कप दचकून पडला. (कप खात्याचा होता. स्वतंत्र चौकशी चालू आहे.)

तंतूंच्या बीमला त्याच पंधराव्या टनाला केसाएवढा तडा गेला. मग दुसरा, मग तिसरा. एक्केचाळीस तडे गेले, बीम पोटातून वाकला, पण पडेना. पाच वाजले तेव्हा समितीच कंटाळून घरी गेली.

आमच्या नियमानुसार एक तडा म्हणजे एक तक्रार आणि एक तक्रार म्हणजे एक फाइल. त्यामुळे निष्कर्ष उघड होता.

साधा बीम: मोडण्यापूर्वीच्या तक्रारी शून्य. रहिवाशांचे समाधान शेवटच्या दिवसापर्यंत शंभर टक्के. (त्यानंतरचे काम आपत्ती विभागाकडे जाते.)
तंतूंचा बीम: तक्रारी एक्केचाळीस. समाधान मोजण्याजोगे नाही.

यावर बाई आडव्या आल्या.

“अहो साहेब, तडा म्हणजे बीम सांगतोय, बाहेर पडा म्हणून!”

“बाई, बीमला काही सांगायचं असेल तर त्याने रीतसर अर्ज करावा.”

“नव्या शाळेच्या सभागृहात माझी मुलगी बसणार आहे. उद्या तिच्या डोक्यावर...”

“मग तर तुम्हाला बिनतड्याचाच बीम हवा,” साहेब मायेने म्हणाले. साहेब मनाने फार चांगले आहेत.

समितीने तंतूंवर बंदी घातली. उरलेली नऊ पोती नष्ट करण्याचे काम बाईंकडेच दिले, आणि इथे आमची चूक झाली. बाईंनी ती पोती शाळेच्या सभागृहाचे बीम ओतताना, तिथल्या मिक्सरमध्ये नष्ट केली.

दीड वर्षाने सभागृहाखालची जमीन एका बाजूने खचली आणि बीमवर सतरा तडे उमटले. मुख्याध्यापिकांनी तासाभरात मुले बाहेर काढली, टेकू लावले, पाया दुरुस्त करवून घेतला, एक खांब वाढवला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. (म्हणजे नोंद करण्यासारखे काही घडलेच नाही.) बाईंवर मात्र सतरा तडे घडवून आणल्याचा ठपका ठेवून आम्ही त्यांना निलंबित केले. त्या नुसत्या हसल्या आणि मुलीला शाळेतून आणायला गेल्या.

पालकांचा धीर सुटला. तडे गेलेल्या छताखाली पोटचे पोर कोण बसवणार? सगळ्यांनी रस्त्यापलीकडच्या शाळेत नावे घातली. तिथली जमीन तीच, कंत्राटदार तोच, वर्षही तेच. पण बीम समितीच्या निर्णयानुसार ओतलेला, गुळगुळीत, पांढराशुभ्र. माझा नातूही तिथेच आहे. प्रवेशासाठी साहेबांचा वशिला लावावा लागला. परवा त्याला सोडायला गेलो तेव्हा मी पाच मिनिटे वर टक लावून पाहत होतो. एकही तडा दिसला नाही. तेव्हापासून मला जेवण जात नाही, पण त्याचा बीमशी संबंध नसावा.

बाईंची मुलगी सतरा तड्यांखाली जवळजवळ एकटीच बसते. तिथे जागाच जागा आहे. पलीकडे आता तीनच जागा उरल्या आहेत. आपल्या मुलाला कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवा. हवे तर दोन्ही छते स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहून घ्या. घाई अजिबात नाही. पलीकडच्या शाळेचा फॉर्म आम्ही तुमच्या नावाने भरूनच ठेवला आहे.