बस्त्यावकाकांचं वादळाचं पाणी

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; चार ओळींच्या अर्जालाही मला दोन कागद लागतात. मोठ्या माणसाबद्दल लिहायची आगळीक करतोय, सांभाळून घ्यावं.

पाचूबंदरचे आमचे शेजारी बस्त्यावकाका दर वादळानंतर समुद्राचं पाणी बाटलीत भरून ठेवत. तेही लगेच नाही. पाच दिवस थांबून, पुतण्याच्या होडीतून आत जाऊन. "वादल म्हंजे दर्याची नांगरट," ते सांगत. "तलाचा खत वर येतय. मंग ऊन पडला का पानी हिरवा होतय. त्याच्यामागं मासली."

"लोकांचे नवरे मासली आनतात," रोजीनकाकू म्हणत. "माजा पानी आनतो."

जेटीवर पोरं विचारत, "काका, पेरनी झाली का?"

काकांना लिहिता येत नसे. म्हणून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात त्या वेळची एखादी वस्तू बांधलेली: शर्टाचं बटण, एस.टी.चं तिकीट, काकूंच्या फुटक्या बांगडीचा तुकडा. दृष्ट लागू नये म्हणून सगळ्या बाटल्या पेटीत, अंधारात.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा त्यांनी एक बाटली माझ्या हाती दिली. गळ्यात काळा दोरा. "तुज्या मनगटाचा. तू झालास त्या वादलाचा पानी हाय. सरांना दाखव. मी खरा का येडा, एकदा कलू दे."

वर्षभर मला धीर झाला नाही. शेवटी दाखवली. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला. "यात जिवंत काही नाही. वनस्पती अंधारात जगेल का? ताजं आण. वादळाआधीचं एक, नंतरचं एक."

"म्हंजे मीच मारला त्यांना," काका म्हणाले, आणि दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत.

पुढच्या वादळाआधी एकदा आणि नंतर पाचव्या दिवशी एकदा, मी सायकलवरून पाणी कॉलेजात नेलं. आधीच्या थेंबात तुरळक ठिपके होते. नंतरच्यात हिरवट-सोनेरी कण, एकमेकांना खेटून. "वनस्पतिप्लवक. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती," सर म्हणाले. "तुझे काका बरोबर सांगतात." काचपट्टीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: 'बस्त्याव, पाचूबंदर'. मी धीर करून तशीच दुसरी चिठ्ठी काकांसाठी मागून घेतली.

जेटीवर सगळ्यांदेखत मी हे सांगितलं. पेरणीचं कोणी विचारलं नाही. काका थेट घरी आले. या वादळाच्या ताज्या बाटलीच्या गळ्यात अजून काही नव्हतं. तिथे त्यांनी मी आणलेली चिठ्ठी बांधली, आणि बाटली पेटीत न ठेवता खिडकीत ठेवली.

"काय लिवलाय, वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

तिसऱ्यांदा मात्र रोजीनकाकू चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, "मला आयकू नाय आला. परत वाच."